दोन्ही अंगांना एकेक सेंटिमीटर

कारखान्यात सगळे त्याला मिलिमीटर म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर ते त्याला आवडायचं. तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीत त्याने प्लायवूडची छोटी नाव बांधायला घेतली, तीही खोलीच्या दाराचं माप आधी घेऊनच. दार एकशे बावीस सेंटिमीटर, नाव एकशे सोळा. नाव बाहेर निघाली नाही तर आयुष्यभराची अब्रू गेली, हे तो जाणून होता.

बायकोने बजावलंच होतं, "भिंत पाडायची वेळ आली ना, तर आधी मला माहेरी सोडा."

आता उरली होती फक्त घासपट्टी. धक्क्याला घासून नावेचा काठ सोलवटू नये म्हणून बाहेरून बसवतात ती. लाकडाची लावावी तर दरवर्षी पॉलिशची कटकट. दोर लावावा तर तो पाणी पिऊन फुगणार, मग कुजणार. शेवटी त्याने अर्धगोल काळं रबर पसंत केलं, दोन सेंटिमीटर जाडीचं.

"जरा जाड घ्या की," दुकानदार म्हणाला. "धक्के चांगले सोसेल."

"जाड घेतलं तर नाव खोलीतच संसार थाटेल!"

सोळा आणि चार, वीस. दोन्ही अंगांना एकेक सेंटिमीटर मोकळा. झालं तर!

सोमवारी त्याने रबर गरम पाण्यात घालून मऊ केलं आणि नावेच्या नाकापासून वीतवीतभर अंतरावर पितळी स्क्रू पिळत आणले. मंगळवारी सकाळी पट्टीवर पांढरे ओरखडे होते. पाण्याचं तोंडही न पाहिलेल्या नावेला ओरखडे! बोट फिरवलं तर बोटाला चुना लागला. उंदरांची कामं, असं म्हणून त्याने ते पुसून टाकलं.

बुधवारी दोन्ही भिंतींवर, बरोबर काठाच्या उंचीला, काळी रेघ उमटली होती. नाव आणि भिंत यांच्यामधून बादली घेऊन चालता येईल एवढी जागा होती, मग भिंतीला लागलं काय? त्याने नाव मोजली. एकशे वीस. पुन्हा मोजली, एकशे वीसच. दार मोजलं, एकशे बावीस. खोली मोजायचं मात्र त्याच्या डोक्यातही आलं नाही. चुकते ती आपण केलेली वस्तू. भिंती काय कुठे पळून जाताहेत?

गुरुवारी दुपारी मागच्या टोकाचे शेवटचे चार स्क्रू राहिले होते. आत जाताना त्याला अंग चोरावं लागलं. पोट सुटलंय लेका, असं तो स्वतःलाच म्हणाला. चौथा स्क्रू पिळून उठला, तर परतायला वाटच नव्हती. दोन्हीकडची पट्टी भिंतींना टेकली होती. रबर दबल्या आवाजात कुरकुरत होतं.

त्याने हाक मारली, "अगं ए! लवकर ये!"

बायको हात पुसत दारात आली. "काय झालं?"

"भिंती बघ."

तिने बघितलं. "काय बघू त्यात? नावेत चढा आणि या इकडे. दोन ढांगांचं तर काम."

खरंच की. तो नावेत चढला. दोन ढांगा टाकल्या. दार तेवढंच लांब. आणखी चार टाकल्या.

मग त्याने खिशातली मोजफीत काढली आणि टोक तिच्याकडे सरकवलं. "धर. घट्ट धर."

दोन मीटर.

तो एक पाऊल पुढे गेला. दोन वीस.

आणखी एक. दोन साठ. पायाखालच्या फळ्या करकरल्या.

"मला बाहेर यायचंय गं," तो म्हणाला. बोलताना त्याला रडूच आलं.

"मग या ना! आणि एवढ्या लांबून काय बोलताय?"

चार दहा. दारातला उजेड पाकिटाएवढा झाला होता. त्यात ती उभी आहे की नाही, कळत नव्हतं.

"फीत सोडू नकोस!"

"फीत?" फार दुरून आवाज आला. "ती केव्हाच ठेवली मी खाली. दूध उतू जात होतं, मी आत आले."

त्याच्या हातातली फीत ताठ होती. पलीकडून कुणीतरी ती हलकेच ओढून पाहिली.