मानशीकडचे बूट

"माझ्या नवऱ्यानं जीव दिला नाही, एवढंच सिद्ध करा," गौरवी म्हणाली. "कोणी मारला ते नाही कळलं तरी चालेल. पण तो मला टाकून गेला नाही, हे लोकांना कळू दे."

डिचोलीच्या बाजारात बेकरीच्या माडीवर कमलाक्षी केरकरचं ऑफिस होतं. वकिलाच्या कचेरीत उमेदीची वर्षं घालवून ती खासगी तपासाच्या धंद्यात आली होती. सोबतीला जयराम, निवृत्त हवालदार. माणूस सोन्यासारखा, पण विचार करायला बसला की पहिल्याच फांदीवर घरटं बांधणारा.

गौरवीचा नवरा प्रशांत पर्यावरण देखरेख समितीचा निरीक्षक होता. तेरेखोल नदीच्या मुखाजवळ, कोरगावच्या शेतांना लागून एक जेटी आहे. डिचोलीकडचं खनिज तिथे बार्जमध्ये भरतात. खाण कंपनीला ती जेटी वाढवायची होती. गावकरी म्हणत, बार्जच्या लाटांनी आमच्या बांधाची मानस बिघडवली, शेतात खारं पाणी घुसलं, भात करपलं. कंपनी म्हणे, आमचा संबंध नाही. खरं काय ते प्रशांतने सांगायचं होतं. सुनावणी तोंडावर आली आणि त्याचं प्रेत नदीत सापडलं. बूट मात्र मानशीजवळच्या वडाखाली जोडीने ठेवलेले. पोलिसांनी आत्महत्या लिहून हात झटकले.

"बूट कसे होते?" कमलाक्षीने विचारलं.

"नाड्या शेवटपर्यंत सोडलेल्या. मोजे घडी करून आत. नीटनेटके, देवळाबाहेर ठेवतात तसे."

"तब्येत?"

"कंबरेचं ऑपरेशन झालेलं, पट्टा असायचा. वाकता येत नव्हतं. पाण्याचे नमुनेसुद्धा बाटली दोरीनं सोडून घ्यायचा. आणि साखरेमुळं टाचेला जखम. ती त्यानं लपवली होती. कळलं असतं तर फिरतीचं काम काढून घेतलं असतं. पट्टी मीच बांधायची, बुटाच्या नाड्यासुद्धा. शेवटच्या दिवशी सकाळी घरातली पट्टी संपली म्हणून जुनं लुगडं फाडलं, पहिल्यांदाच. प्रेत मिळालं तेव्हा तीही नव्हती. पाण्यानं नेली."

"शेवटचं काय बोलला?"

"दुपारी फोन आला. म्हणाला, दोन्ही बाजू माझ्यावर चिडतील, असंच लिहायचंय. हसत होता हो."

जेटीवर मॅनेजर स्वप्नीलने त्यांना हेल्मेट दिलं आणि सगळं कसं नियमात चाललंय ते ऐकवलं. खाली पाणी विटेच्या रंगाचं होतं.

"हा लाल गाळ?" कमलाक्षीने विचारलं.

"पावसात थोडं वाहतं मॅडम. निसर्ग आहे."

पावसाला जाऊन महिना झाला होता. निसर्गाच्या माथी काय काय मारतात माणसं! मानस दाखवायला तो स्वतः आला आणि वड ओलांडून जड बुटांनिशी खाडखाड मानशीवरच्या फळीवर चढला.

मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. भरती आली की नदीचं पाणीच ते ढकलून मिटवतं. ओहोटीला शेतातलं पाणी ते उघडून बाहेर पडतं. हे दार मोडलेलं नव्हतं. ते अर्धवट उघडं राहिलं होतं. बिजागरीत लाकडाची पाचर होती, ताजी, शेताच्या बाजूने ठोकलेली.

"बाई, माका ह्योच दिसता," स्वप्नील गेल्यावर जयराम कुजबुजला. "गाळाचा बोभाटा होऊ नये म्हणून."

मासे धरायचा ठेका असलेला शांताराम दाराजवळ बसला होता. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये. चतुर्थीच्या आधी होडीतून पडला होता.

"इन्स्पेक्टराशी भांडण झालेला खरा," तो म्हणाला. "तो म्हणालो, दार बंद करा. दार उघडा तर माझा मासा भितर येता. पण पाचर मी नाय मारूक. ह्या हातान घास खाऊक येना!"

जयरामने लगेच दुसऱ्या फांदीवर उडी मारली.

तेवढ्यात धाकू शेटगांवकर आले. कूळ संघटनेचे अध्यक्ष. जेटीविरुद्ध त्यांनी सगळं आयुष्य वेचलं होतं आणि गाव त्यांच्या शब्दाबाहेर नव्हतं. त्यांनी वडाखाली वहाणा काढल्या, हात जोडले.

"तुम्हीय काढा, बाय. फुडे राखणदाराची, गावच्या देवाची जागा. हंय आमचा कोणय पायताण घालून चढणा नाय."

कमलाक्षीने चपला काढल्या. जयरामनेही, जरा धापा टाकत.

"प्रशांत त्या दिवशी भेटला होता?"

"मी पेडण्याक होतंय. मढासुद्धा बघूक नाय." धाकूंनी करपलेल्या शेताकडे पाहिलं. त्यांचा आवाज खरोखरच भरून आला होता. "बरो माणूस. पण दुखण्यान पिचलेलो. टाचेक लुगड्याची चिंधी बांधून मनीस किती दिस धीर धरतलो? गेलो कंटाळून."

कमलाक्षीने मान हलवली आणि चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळ्यांना वडाखाली बोलावलं. गौरवी होती, स्वप्नील, शांताराम, धाकू आणि पेडण्याचा फौजदारही.

"प्रशांतला वाकता येत नव्हतं," कमलाक्षीने सुरुवात केली. "गौरवीने बांधलेली गाठ त्याला सोडता येणं शक्य नव्हतं. म्हणजे नाड्या दुसऱ्याने सोडल्या. मोजेही काढले आणि बूट जिथे गाव पायताणं ठेवतं तिथेच ठेवले. कोणी?"

"खुन्यान. आत्महत्या वाटूक," जयराम म्हणाला.

"मलाही आधी तसंच वाटलं. पण तेवढ्यासाठी मोज्यांची घडी कोण घालतं? हे डावपेचाचं काम नाही, सवयीचं आहे. राखणदाराच्या जागेवर बूट घातलेला माणूस पडलाय, हे ज्याला सहन झालं नाही, त्याचं. स्वप्नील तर काल बुटांनिशीच फळीवर चढला."

स्वप्नीलने नकळत आपल्या पायांकडे पाहिलं.

"शांताराम रिवाज पाळतो, पण त्याला एका हाताने ती गाठ सुटली नसती, ना पाचर ठोकता आली असती. पाचर तर ताजी आहे." ती वळली. "धाकूबाब, टाचेची जखम प्रशांतने सगळ्यांपासून लपवली होती. लुगड्याची चिंधी त्याच सकाळी पहिल्यांदा बांधलेली. दिवसभर ती बुटात होती आणि प्रेतावर नव्हतीच. तुम्ही ती कधी पाहिलीत?"

धाकूंनी वडाला हात टेकला. फौजदार पुढे सरकला, तसं कमलाक्षीने त्याला थांबवलं.

"पाचर तुमची," ती हळू आवाजात म्हणाली. "आपल्याच गावाच्या शेतात तुम्ही खारं पाणी घेतलंत."

"भात मेला तरच केस जगतली होती!" म्हातारा ओरडला. "वर्सानुवर्सा अर्ज केले. गाळ कोणाक दिसना नाय. करपलेला शेत सगळ्यांक दिसता. आणि ह्यो येऊन पाचर बघता, म्हणता, हे मला लिहावं लागेल. मी ढकललंय. तेची टकली दगडार आपटली. तो थंय पडलो, बूट राखणदाराच्या फातरार... तसोच कसो ठेवू? मागीर पाण्यात सोडलंय."

भरती लागली होती, आणि उघड्या दारातून खारं पाणी शेतात शिरत होतं.

"तेणा माका फसवलेला," धाकू पुटपुटले. "जेटीवाल्यांक सोडतलो होतो."

"नाही," गौरवी म्हणाली. "दोन्ही बाजू चिडतील असं लिहायचंय, हे त्यानं मला फोनवर सांगितलं होतं. पाचरही लिहिणार होता, काका, आणि गाळही. तुम्ही अर्धंच ऐकलंत."

धाकूंनी पाचरीकडे पाहिलं. गाळ लिहून ठेवणाऱ्या ज्या माणसाची त्यांनी सगळं आयुष्य वाट पाहिली होती, तो येऊन गेला होता.

सुनावणी ठरल्याप्रमाणे झाली. कंपनीच्या वकिलाने फक्त पाचरीचा फोटो दाखवला आणि संघटनेचा अध्यक्ष कोठडीत असल्याचं सांगितलं. प्रशांतच्या नमुन्यांच्या बाटल्या त्याच्याबरोबरच नदीत गेल्या होत्या. लाल गाळाबद्दल कोणाला काही सांगायचंय का, असं विचारलं गेलं, तेव्हा कोरगावचे लोक माना खाली घालून बसून राहिले.

मागच्या बाकावरून गौरवी उठली. "मला सांगायचंय," ती म्हणाली.

"आपण तज्ज्ञ आहात?" सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं.

"मी त्याची बायको."

साहेबांनी सहानुभूतीने मान हलवली आणि पुढचा विषय घेतला.