सगळ्यांनी पाहिलेली घंटी

किल्ल्याच्या सहलीचं तिकीट भावजींनी तीन आठवडे पाकिटात जपलं होतं. बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पोरांकडून शेकडो किल्ले काढून घेतले, पण खराखुरा राजाचा किल्ला आतून पाहायचा राहूनच गेला होता. आज बसमध्ये बसल्यापासून त्यांचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

"वहिनी, ही बघा राणीची घंटी." माहितीपुस्तिकेचं मुखपृष्ठ त्यांनी चौथ्यांदा पुढे केलं. "चांदीची. मुठीवर पक्षी. ही वाजली की म्हणे राजा दरबार सोडून धावत यायचा."

"मी पातेलं आपटलं तरी तुमचे भाऊ पेपरातून डोकं काढत नाहीत," वहिनी म्हणाल्या.

वहिनींचा व्यवसाय खासगी तपासाचा. बोलणं हळू, नजर तिखट. पण आज सुट्टी होती. दिवसभर कुणाच्या मागे लागायचं नाही, असं भावजींनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

भावजींनी वही उघडली आणि हलत्या बसमध्ये मुखपृष्ठावरची घंटी दोनदा काढून पाहिली. पोटावर चकाकी, उजव्या अंगाला गर्द सावली. दुसऱ्या खेपेला ती हुबेहूब उतरली.

आदल्या दिवशी किल्ला साफसफाईसाठी बंद होता. त्यामुळे आज उघडल्यावर आत शिरणारी पहिली तुकडी यांचीच. मेण लावलेल्या लाकडी जमिनीला चरे पडू नयेत म्हणून दारात प्रत्येकाला बुटांवर चढवायला कापडी खोळी मिळाल्या. गाईड तरतरीत होता. प्रवाशांकडे तोंड करून उलट पावली चालायचा आणि कुठेही अडखळायचा नाही.

"चला, राणीच्या खोलीत. दोराच्या पुढे हात नको. आमच्या आक्का बघताहेत."

आक्का म्हणजे त्या खोलीच्या राखणदार. पलीकडच्या भिंतीशी खुर्चीत ताठ बसल्या होत्या. खोलीला एकच खिडकी, दोराशी उभं राहिलं की उजव्या हाताला. आक्कांनी पडदा सरकवला आणि दुपारकडे झुकणारं ऊन टेबलावर आडवं पसरलं.

गाईड टेबलाकडे पाठ करून उभा राहिला. "माझ्या मागे राणीचा आरसा, तिची दौत, तिची अत्तरदाणी, आणि जिच्यासाठी लोक लांबून येतात ती चांदीची घंटी..."

वीस माणसांनी माना डोलावल्या. भावजींची पेन्सिल सुसाट धावत होती. वहिनी तेवढ्यात दारातच वाकल्या होत्या. त्यांच्या खोळीची नाडी सुटली होती.

तुकडी बुरुजाकडे गेली. भावजी वरून दरी बघून हरखून गेले होते, तेवढ्यात खालून शिट्टी वाजली आणि किल्ल्याचे दरवाजे बंद झाले.

दुसऱ्या तुकडीत एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्या तुकडीचा गाईड बोलत असतानाच त्यांनी विचारलं होतं, "घंटी कुठाय? मला तर नुसती फट दिसतेय."

घंटी खरोखरच नव्हती.

सगळ्यांना चौकात उभं केलं. पिशव्या, खिसे, खोळी, सगळं उलटंपालटं करून झालं. काही मिळालं नाही. व्यवस्थापिकाबाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"घंटी आज सकाळी नऊला मी स्वतः जागेवर ठेवली," संग्रहपाल म्हणाले. राजघराण्याच्या सगळ्या वस्तू त्यांच्या ताब्यात. पांढरेशुभ्र केस, आवाजात अदब.

"आणि सव्वाअकराला ती तिथेच होती," भावजी पुढे सरसावले. आपण एका खऱ्याखुऱ्या प्रकरणाचे साक्षीदार आहोत, या विचारानेच त्यांना चढल्यासारखं झालं होतं. "हे बघा. मी काढलीय."

वही हातोहात फिरली. टेबल, त्यावर आरसा, दौत, अत्तरदाणी, त्यांच्या डावीकडे लांबलेल्या सावल्या. आणि मधोमध घंटी. मुठीवर पक्षी, पोटावर चकाकी, उजव्या अंगाला गर्द सावली.

संग्रहपालांनी ते पान बराच वेळ हातात धरलं. एकदा चित्राकडे, एकदा भावजींकडे पाहिलं. "तुम्ही... समोर बघून काढलंत हे?"

"अर्थात."

"उत्तम," ते पुटपुटले. "फारच उत्तम."

दर्दी माणूस, भावजींच्या मनात आलं.

व्यवस्थापिकाबाईंनी मात्र हिशेब मांडला. "सव्वाअकराला घंटी होती. साडेअकराला नाही. मधल्या वेळात खोलीत एकट्या आक्का. पोलिसांना फोन केलाय. आक्का, तोवर किल्ल्या माझ्याकडे द्या. आणि तटाखालच्या तुमच्या राहत्या खोल्या आज रिकाम्या कराव्या लागतील."

आक्कांनी कमरेचा जुडगा सोडला. "बाई, सव्वीस वर्षं झाली. आमचे हे अंथरुणाला खिळलेत. त्यांना कुठे हलवू मी?"

भावजींचा सगळा उत्साह खाडकन उतरला.

"वहिनी, मी हे काय करून बसलो?"

"खरं ते सांगितलंत ना?"

"शंभर टक्के."

"मग जरा बघू या." वहिनींनी पर्समधून आपलं कार्ड काढून व्यवस्थापिकाबाईंना दिलं. "पोलीस येईपर्यंत चार प्रश्न विचारू का?"

बाईंनी मान हलवली. बुडत्याला काडी हवीच होती.

वहिनी आधी राणीच्या खोलीत गेल्या. आक्कांना त्यांनी खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी जमिनीवर टेकल्या.

"आक्का, सकाळपासून घंटी पाहिलीत?"

"नाही सांगता येत. मी हात बघते, ताई. वस्तू नाही बघत. वस्तू कुठे पळून जाते? पळतात ते हात."

"आणि तुम्ही आलात तेव्हा?"

"टेबल झाकलेलं होतं. पहिली तुकडी दारात आली तशी चादर काढली आणि बसले. नजर लगेच माणसांवर."

वहिनी दोर ओलांडून टेबलाशी वाकल्या. आरसा जरासा उचलला. खाली हिरव्या बनातीच्या जाड लोकरी कापडाची गोल चकती. दौतीखाली चकती. अत्तरदाणीखालीही.

"लाकडाला चरा पडू नये म्हणून," आक्का म्हणाल्या. "काल टेबलाला मेण लावून घासलं. ते आमचं काम. वस्तू मात्र संग्रहपाल साहेब आधीच खाली नेतात, स्वतः पुसतात आणि स्वतः परत मांडतात. आधी चकती, मग वस्तू. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

"भावजी, घंटीच्या जागी काय दिसतं?"

भावजींनी चष्मा सारखा केला. "काही नाही. नुसती चकाकी."

"हो," वहिनी म्हणाल्या. "काही नाही."

गाईड हात चोळत जिन्यात उभा होता.

"तुम्ही घंटी पाहिलीत?"

"रोज बघतो."

"आज?"

तो ओशाळला. "ताई, माझी पाठ असते हो तिकडे. आठ वर्षं तेच बोलतोय, तोंड आपोआप चालतं. लोक माना हलवतात, मी पुढे जातो."

"ती कुणी बाहेर नेली असेल?"

"अशक्य. जाताना आम्हाला सगळ्यांना पिशव्या उघडून दाखवाव्या लागतात. साहेबांनासुद्धा."

चौकात वहिनींनी पहिल्या तुकडीतल्या तिघांना वेगवेगळं गाठून एकच गोष्ट विचारली. घंटीवरच्या पक्ष्याची चोच कुठे होती? एक म्हणाला खिडकीकडे. दुसरी म्हणाली दाराकडे. तिसरा म्हणाला, पक्षी कसला, साधी मूठ होती.

"या लोकांना डोळे आहेत की बटणं?" भावजी वैतागले. "चोच खिडकीकडे होती."

"तुमच्या चित्रात तशीच आहे," वहिनी म्हणाल्या, आणि चालू लागल्या.

शेवटी संग्रहपालांची तळघरातली खोली. टेबलावर मऊ ब्रश, पांढरे हातमोजे, चांदी पुसायची फडकी, धातू जोडायला डाग द्यायची सळई, सगळं ओळीत. त्यांच्या डाव्या अंगठ्याला चिकटपट्टी होती.

"भाजलं वाटतं?"

"काल चहाचं भांडं लागलं." त्यांनी हात मागे घेतला. "पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. अडतीस वर्षांत या हातून एक टवकासुद्धा उडला नाही. आणि शेवटी हे बघायची वेळ आली."

"सकाळी घंटी ठेवलीत, ती चकतीवरच ना?"

"चकतीशिवाय मी काहीच ठेवत नाही."

वहिनींनी त्यांचे आभार मानले. जिना चढताना भावजींना राहवलं नाही. "काही लागलं हाताला?"

"तुमची ती वही द्या. आणि माहितीपुस्तिका."

पंधरा मिनिटांनी सगळे राणीच्या खोलीत जमले. व्यवस्थापिकाबाई, आक्का, गाईड, संग्रहपाल. पोलिसांची गाडी घाटात आली असल्याचा निरोप होता.

"आज इथे चोरी झालीच नाही," वहिनींनी सुरुवात केली. "पहिली तुकडी आली तेव्हाच घंटी नव्हती."

"पण मी काढली ना ती," भावजी म्हणाले.

"काढलीत. भावजी, या टेबलाकडे बघा. ऊन कुठून येतंय?"

"उजवीकडून."

"सावल्या?"

"डावीकडे. चित्रातही मी..." भावजींनी वही ओढून घेतली. आरशाची सावली डावीकडे. दौतीची डावीकडे. अत्तरदाणीची डावीकडे. आणि घंटीची उजवीकडे.

वहिनींनी माहितीपुस्तिका शेजारी धरली. छायाचित्रकाराने कुठेतरी दिवे लावून काढलेली ती घंटी. तीच चकाकी, तीच चोच, उजव्या अंगाला तीच गर्द सावली.

"बसमध्ये तुम्ही ही दोनदा काढलीत. हातात बसली होती. गाईड 'घंटी' म्हणाला आणि हाताने ती आपोआप उतरवली. डोळ्यांनी पाहिलीच नाही."

भावजींनी वही मिटली. बत्तीस वर्षं ते पोरांना ओरडत आले होते, कागदाकडे नको, समोर बघ म्हणून.

"तुम्ही एकटेच नाही," वहिनी हळूच म्हणाल्या. "गाईड माणसांकडे बघतो. आक्का हातांकडे. माणसं गाईडकडे. मी नाडी बांधत होते. घंटीकडे कुणीच बघितलं नाही आणि ती पाहिली मात्र सगळ्यांनी. रिकामी जागा दिसली ती दातांच्या डॉक्टरीणबाईंना, कारण त्यांना फट बघायचीच सवय."

"मग घंटी गेली कधी?" व्यवस्थापिकाबाईंनी विचारलं.

"वस्तूखालची चकती सुटी असते. दोरावरून घाईत घंटी ओढणारा चकती कशाला नेईल? ती टेबलावर राहायला हवी होती. नाही राहिली, कारण काल मेण लावल्यावर ती ठेवलीच गेली नाही. चकती नाही, म्हणजे घंटीही नाही. आणि मांडणारे हात इथे एकाच माणसाचे."

वहिनी संग्रहपालांकडे वळल्या.

"साहेब, तुम्ही म्हणालात सकाळी नऊला ठेवली. ते खोटं होतं. भावजींचं चित्र तुम्ही एवढं निरखून पाहिलंत, तेव्हा त्यांना वाटलं तुम्ही दर्दी आहात. तुम्ही चक्रावला होता. जी वस्तू तिथे नाही, ती या माणसाने पाहिली कशी? अंगठा चहाने नाही भाजला, सळईने भाजला. काल काहीतरी मोडलं आणि तुम्ही ते जोडायला बसलात. निवृत्तीला एक महिना राहिला होता. जोडून होईतो कुणाच्या लक्षात येणार नाही, असं वाटलं. बाहेर तर नेता येत नाही. घंटी खालीच आहे. आणून देता, की पोलिसांना शोधायला सांगू?"

संग्रहपाल जिना उतरले. गाईड पाठोपाठ गेला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली घंटी होती, आणि वेगळा झालेला पक्षी.

"पुसताना निसटली," ते म्हणाले. "घाबरून नऊला ठेवली म्हणालो, पण खरं सांगणारच होतो. मग यांनी वही दाखवली आणि... सुटलो असं वाटलं."

"तुम्ही सुटलात," आक्का म्हणाल्या. "आणि मी किल्ल्या सोडल्या, त्या तुम्ही उभं राहून बघितल्यात."

मान खाली घालून संग्रहपालांनी आक्कांपुढे हात जोडले. व्यवस्थापिकाबाईंनी जुडगा दोन्ही हातांनी परत दिला, आणि तटाखालच्या खोल्यांबद्दल स्वतःचे शब्द सगळ्यांसमोर मागे घेतले. संग्रहपालांना घेऊन त्या खाली पोलिसांशी बोलायला गेल्या.

भावजी आक्कांसमोर उभे राहिले. "तुमचं घर माझ्या पेन्सिलीने मोडलं असतं. काय म्हणू मी?"

"काही म्हणू नका. ही वही आहे ना? माझं चित्र काढा. सव्वीस वर्षांत या खुर्चीकडे कुणी बघितलं नाही."

बस सुटायला अर्धा तास होता. भावजींनी माहितीपुस्तिका मिटून वहिनींच्या पर्समध्ये घातली, दोराशी मांडी घातली आणि समोर बघत बसले. पहिली पाच मिनिटं त्यांनी पेन्सिल टेकवलीच नाही.

चित्र आक्कांकडेच राहिलं. परतीच्या बसमध्ये वहिनींनी विचारलं, "जमलं का?"

"हात फार छान आहेत त्यांचे," भावजी म्हणाले. डोळे पुन्हा सकाळसारखे चमकत होते. "मांडीवर एकात एक धरलेले."

"आणि सावली?"

"डावीकडे, वहिनी. तीनदा बघून घेतली."