उतरतानाचा मजला

शहराच्या ऐन मध्यावर एक इमारत बेचाळिसाव्या मजल्यावर येऊन थांबली होती. व्हायचे होते साठ. दोन वर्षांपूर्वी मंदी आली, बँकांनी हात आखडते घेतले, कार्यालयांसाठी जागा बोलून ठेवलेले लोक एकेक करून मागे सरले, आणि एका गुरुवारी दुपारी काम बंद पडलं. क्रेन उतरवून नेली. माणसं आणि माल वर चढवणारी बाहेरची लिफ्ट भाड्याची होती, तीही तिच्या मालकाने खोलून नेली. मागे राहिला तो जिना, वाऱ्यावर फडफडणारं हिरवं जाळं आणि फाटकावर राखणीला ठेवलेला जुना मुकादम. आजूबाजूच्या पूर्ण झालेल्या इमारतींच्या काचांवरही ‘भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या लागल्या होत्या. त्यामुळे या सांगाड्याकडे मान वर करून बघायला कुणाला सवड नव्हती.

मग तो एका नव्या मालकाने घेतला. माणूस थंड डोक्याचा होता. त्याचं म्हणणं असं की आज या भागात कुणाला जागा नको आहे हे खरं, पण इमारत पुरी व्हायला तीन वर्षं लागतात आणि मंदी काही जन्माला पुरत नाही. सगळे पळत सुटतात तेव्हा थांबणाऱ्याला जागा मिळते. अडचण एवढीच होती की बांधकामाची परवानगी महिनाअखेरीस संपत होती. ती वाढवून घ्यायची तर आज जागेवर किती मजले आणि किती उंची उभी आहे याचा दाखला हवा, आणि तो काम थांबलं तेव्हाच्या सरकारी नोंदीशी, म्हणजे बेचाळीस मजल्यांशी, जुळायला हवा. एक मजला जरी जास्त निघाला तरी परवानगी रद्द. मग इमारत पाडायची, नाहीतर आहे तशी गंजू द्यायची.

या दाखल्यासाठी ज्याला बोलावलं त्याला बांधकामावरची माणसं पाठीमागे ओळंबा म्हणत आणि तोंडावर दादा. मोजणीच्या कामात त्याची चौतीस वर्षं गेली होती. भिंत सरळ आहे का ते बघायच्या ओळंब्याच्या दोरीसारखा नाकासमोर चालणारा माणूस, डोळ्यांनी न पाहिलेला आकडा त्याने कधी लिहिला नव्हता. त्याची रीत ठरलेली होती. उंच इमारत दोनदा मोजायची, एकदा चढताना आणि एकदा उतरताना. दोन्ही जुळलं तरच आकडा खरा. हे जुळवायचं काम घरी व्हायचं. संध्याकाळी टेबलावर वही उघडून बायको चढतानाचा आकडा मोठ्याने वाचायची आणि विचारायची, “उतरतानाचा?” तो सांगायचा. जुळला की ती पेन्सिलीने बारीक खूण करायची. अशी सव्वीस वर्षं गेली. गेल्या वर्षी ती गेली. आता दोन्ही आकडे तोच वाचायचा आणि खूणही तोच करायचा.

पहिल्या दिवशी तो मुकादमाबरोबर वर गेला. लिफ्ट नसल्यामुळे दर दहा मजल्यांवर बसत बसत चढावं लागलं. बसलं की मुकादम बोलायचा. त्याच्या फोनमध्ये चारशे माणसांचे नंबर होते आणि त्यातले दहाजण तरी रोज विचारायचे, काम कधी सुरू होणार. एक चांगला वेल्डर आता दुकानाबाहेर पहारा देत होता. दोघे भाऊ, दोघेही गवंडी, हातगाडीवर जुने कपडे विकत होते. “गवंड्याच्या हातात सदरा बघवत नाही, दादा,” मुकादम म्हणाला.

एका मजल्याला चोवीस पायऱ्या होत्या. सवयीने ओळंब्याने त्या मनात मोजल्या. बेचाळीस मजल्यांच्या एक हजार आठ झाल्या. उतरताना त्याच मोजल्या तेव्हा एक हजार बत्तीस भरल्या.

खाली येऊन त्याने हे सांगितलं. मुकादम म्हणाला, वय झालं की पायऱ्या वाढतातच, त्याच्या घरच्या तर दरवर्षी वाढतात. दोघे हसले. पण हसताना मुकादमाने नजर वळवली, तेवढं ओळंब्याच्या लक्षात राहिलं.

घरी आल्यावर लेकीचा फोन आला. महिन्याभरात दोनदा गॅस चालू राहिल्याचं तिला शेजाऱ्यांकडून कळलं होतं. ती रागावली नाही, नुसतं म्हणाली, “बाबा, आता पुरे करा ना. माझ्याकडे या.” त्याने बघतो म्हणून सांगितलं. मग वही मिटून ठेवली. चोवीस पायऱ्यांची चूक त्याच्या हातून कधी झाली नव्हती. पण गॅसही तो कधी विसरला नव्हता.

दुसऱ्या खेपेला तो पोलादी टेप घेऊन गेला. मुकादमाला खाली ठेवलं आणि प्रत्येक मजला वेगळा मोजला. जिन्याच्या भिंतीवर तांबड्या रंगाने मजल्यांचे आकडे रंगवलेले होते. तीन मीटर साठ, तीन मीटर साठ, असं करत तो वर पोचला. गच्चीवर थोडं पाणी प्यायला आणि उलट मोजत निघाला.

अठ्ठावीस. सत्तावीस. मग एक मजला आला, त्याच्या भिंतीवर आकडा नव्हता.

तो थांबला. मजला इतरांसारखाच होता. तेच खांब, तीच उघडी सिमेंटची जमीन, कडेला तेच जाळं. समोर रस्त्यापलीकडे काचेची इमारत होती. सत्ताविसाव्यावरून पाहिलं की तिच्या काचेत हा सांगाडा हिरव्या जाळ्यासकट दिसायचा. इथून पाहिलं तर काचेत नुसतं आभाळ होतं.

त्याने टेप लावली. तीन मीटर साठ. आकडा वहीत लिहिला. खिशातून खडू काढून भिंतीवर फुली मारली आणि चोवीस पायऱ्या उतरला. तिथे सव्वीस आला. तो लगेच वळला आणि पुन्हा चोवीस पायऱ्या चढला. समोर सत्तावीस होता. भिंतीवर फुली नव्हती.

त्याने बोटं पाहिली. त्यांना खडू लागलेला होता.

तिसऱ्या खेपेला, चार दिवसांनी, त्याने मुकादमाला सव्विसाव्यावर बसवलं आणि आपण सत्ताविसाव्यावर उभा राहिला. जिन्याच्या पोकळीतून दोघे बोलू शकत होते. काय दिसतंय असं त्याने विचारलं, तर मुकादम म्हणाला, तुमचे बूट दिसतायत, पुसायला झालेत. मग ओळंबा उतरायला लागला.

आकडा नसलेला मजला आला. पण आता तो उघडा नव्हता. भिंती उभ्या राहिल्या होत्या, गिलावा झाला होता, खिडक्यांच्या चौकटी बसल्या होत्या. सगळीकडे ओल्या सिमेंटचा वास होता, जो या इमारतीला दोन वर्षांत आला नव्हता. काम नीट होतं. कोपरे काटकोनात होते, थापीची वळणं कुठे दिसत नव्हती. त्याला ते आवडलं, आणि आवडलं याचीच भीती वाटली. माणूस मात्र दिसला नाही. त्याने गिलाव्याला हात लावून पाहिला आणि उतरला.

सव्विसाव्यावर मुकादम तसाच बसलेला होता. फार वेळ लावलात, म्हणाला. ओळंब्याने हात पुढे केला. बोटांवर ओला गिलावा होता. मुकादमाने तो पाहिला, खांद्यावरचा रुमाल काढला आणि लहान मुलाचा पुसावा तसा त्याचा हात पुसला.

“तुला ठाऊक होतं,” ओळंबा म्हणाला.

“मी उतरताना मान वर करत नाही, दादा. आपलं बंद पडलं त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून तिथे चालू आहे.”

“कुणाचं?”

“ते मी विचारत नाही. राखणीला ठेवलंय, चौकशीला नाही.”

मुकादमाने विचारलं की दाखल्यावर काय लिहिणार. ओळंबा म्हणाला, जे मोजलं ते. मुकादमाने वाद घातला नाही. फोन काढला आणि नावांची यादी बोटाने वर सरकवत राहिला. यादी लवकर संपेना. “ही माणसं फक्त बेचाळीस मजले चढली होती,” तो म्हणाला. “जादा मजला त्यांचा नाही. त्याची शिक्षा त्यांना कशाला?”

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. दाखला दुपारी चारला द्यायचा होता. ओळंबा सकाळीच एकटा वर गेला. फाटकावर मुकादमाने त्याला अडवलं नाही आणि बरोबरही आला नाही. चढताना सगळं ठीक होतं. एक हजार आठ पायऱ्या. गच्चीवर ऊन होतं. खाली रस्ते भरून वाहत होते. आजूबाजूला अर्धवट थांबलेल्या आणखी तीन इमारती दिसत होत्या, त्यांचीही जाळी हलत होती.

तो उतरायला लागला. सत्ताविसाव्यावर थोडा थांबला. श्वास लागला होता, म्हणून.

मग चोवीस पायऱ्या.

मजला पुरा झाला होता. जमिनीवर फरशी होती, भिंतींना फिका पिवळा रंग. समोर एक दार होतं, लाकडी, नवं, किंचित उघडं. फटीतून दिवसाचा उजेड येत होता आणि त्या उजेडात धूळ नव्हती.

आत कुणीतरी खुर्ची सरकवली.

मग वहीचं पान उलटल्याचा आवाज झाला.

“सत्तावीस,” आतला आवाज म्हणाला. “तीन मीटर साठ.”

तो आवाज कुणाचा, हे त्याने स्वतःलाही सांगितलं नाही. दाराच्या मुठीकडे त्याने पाहिलं. मूठ डाव्या बाजूला होती, घरच्या दारासारखी. हात वर केला, तो तसाच राहिला.

“उतरतानाचा?” आवाजाने विचारलं.

घाई नव्हती त्या आवाजात. राग नव्हता. टेबलापलीकडे बसून जसं थांबायचं तसं आत कुणी थांबलं होतं.

“तीन साठ,” तो म्हणाला.

कागदावर पेन्सिल टेकली. एक बारीक खूण झाली.

त्याने दार लोटलं नाही. आत जाऊन काही निराळं दिसलं असतं तर हा आवाजही गेला असता. तो वळला, कठड्याला धरून उतरला आणि सव्विसाव्यावर पोचल्यावर पायरीवर बसून राहिला. किती वेळ, ते त्याने मोजलं नाही.

दुपारी चारला नव्या मालकाच्या कार्यालयात त्याने दाखला लिहिला. बेचाळीस मजले, एकशे एकावन्न मीटर वीस. चढताना आणि उतरताना मोजून आकडा जुळला आहे, असं वाक्य छापलेलं होतं, त्याखाली सही केली. मालकाने विचारलं, शंका काही? तो म्हणाला, नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्याने खोटा आकडा लिहिला होता. चारशे माणसांसाठी लिहिला असं तो मुकादमाला म्हणाला. मुकादमाने त्याचे दोन्ही हात धरले. पण खरी गोष्ट ओळंब्याला ठाऊक होती. त्रेचाळीस लिहिलं असतं तर दुसऱ्याच दिवशी माणसं घण घेऊन त्या मजल्याचा शोध घ्यायला गेली असती.

परवानगी वाढली. दीड महिन्याने काम सुरू झालं. वर्तमानपत्रांनी लिहिलं की शहराच्या मध्यभागात पुन्हा हालचाल दिसते आहे आणि मंदीचा तळ बहुधा लागला. लेकीने फोन करून अभिनंदन केलं. बाबांचं नाव बातमीत नव्हतं, तरी तिने कात्रण जपून ठेवलं.

दहा-बारा दिवसांनी मुकादमाचा निरोप आला, सुट्टी व्हायच्या वेळी येऊन जा. ओळंबा गेला. फाटक रंगवलं होतं. वेल्डर पहाऱ्याची नोकरी सोडून आला होता, हातगाडीवाले भाऊही आले होते, वरून हातोड्यांचा आवाज येत होता. लिफ्ट अजून उभी राहायची होती म्हणून सगळे जिन्यानेच येत-जात. मुकादमाने त्याला कडेला घेतलं.

पहिली तुकडी चौसष्ट माणसांची होती. मुकादम सकाळी चढताना मोजायचा, संध्याकाळी उतरताना मोजायचा. वर कुणी राहू नये म्हणून. पहिल्या संध्याकाळी पासष्ट उतरले.

ओळंबा म्हणाला, मोजण्यात चुकला असशील. मुकादम म्हणाला, त्यालाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने फाटकाशी एकेकाला थांबवून नाव विचारलं. प्रत्येकाने आपलं नाव सांगितलं. एकही चेहरा अनोळखी नव्हता. तरी पासष्ट. “काल अडुसष्ट झाले, दादा,” तो म्हणाला.

“मग ते जातात कुठे?”

“सगळ्यांबरोबर. बसथांब्याकडे जातात. घरी जात असतील.”

वर भोंगा वाजला आणि हातोडे थांबले. जिन्यात पावलं सुरू झाली, दूरवर, मग हळूहळू जवळ. ओळंबा फाटकाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला, जिथून येणाऱ्यांचे चेहरे नीट दिसतील. मग जिन्याकडेच बघत त्याने विचारलं, “त्यांच्यात कुणी बाई असते? पंचावन्नची. चष्म्याला काळी दोरी.”

मुकादमाने त्याच्याकडे पाहिलं. बाहेर आलेल्या पहिल्या माणसाने त्या दोघांना ओळखीचं हसून दाखवलं आणि पुढे गेला.

“अजून नाही,” मुकादम म्हणाला, आणि मोजायला लागला.