टाऊन हॉलातला शालू

"जमादार, शालू गेला!"

टाऊन हॉलाचा शिपाई केरबा धापा टाकत चौकीत शिरला, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. दुपारी चारला नाटक. सांगलीच्या कुसुमताई वाळिंबे राणी होणार होत्या, आणि राणीचा शालूच रंगपटातून नाहीसा झाला होता.

अर्जुना जमादारानं कपाळाला हात लावला. नाटक म्हटलं की त्याला जांभया यायच्या. पण हॉल म्हणजे निंबपूरचा जीव. शेजारच्या रहिमतपूरपेक्षा आपलं काही कमी नको, म्हणून ईर्षेनं बांधलेला. लग्नं इथंच, देवीची लस इथंच, नगरपालिकेची भांडणंही इथंच.

हॉलात नगराध्यक्ष दादासो लालबुंद होऊन उभे होते.

"कुलूप शाबूत, चावी केरबाकडं. चारपर्यंत शालू सापडला न्हाई तर ह्याला कामावरनं काढणार. मागची खोलीबी सोडायची."

त्या खोलीत केरबाची आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली होती.

"चावी कुणाला दिलीस?" अर्जुनानं केरबाला विचारलं.

"कुणालाबी न्हाई."

"खरं बोल रं."

"माज्याकडंच व्हती जी." केरबानं मान वर केली नाही.

सकाळपासून हॉलात आणखी दोघंच आले होते. पहिला धुळा, आवाजाचे कर्णे लावणारा. कालच त्याचं कुसुमताईंशी वाजलं होतं.

"बावळट म्हनल्या मला. राग आला, व्हय. पर लुगड्याला मी कशाला हात लावू?"

दुसरा नानासो. वीस वर्षं ह्या हॉलात राणी, सून, विधवा, सगळ्या भूमिका त्याच्याच. राणीची भिकारीण व्हायला त्याला तबल्याचा एक तुकडा वाजेपर्यंतचा वेळ पुरायचा. मग बायका कामं करू लागल्या, आणि नानासोच्या हाती पुस्तक आलं, पडद्याआडून वाक्यं सांगायला.

"कुसुमताईंचं काम कसं हाय?"

"नाकात बोलतीया. बाई हाय म्हणून टाळ्या पडत्यात."

"जळता व्हय तिच्यावर?"

"जळतो की! लपवू कशाला? पर चोर न्हाई मी."

इतकं उघड बोलणारा माणूस चोरी करील का? अर्जुना घोटाळला.

मग त्यानं झडती घेतली. माळ्यावर, सभेच्या सतरंज्यांमागं, पांढऱ्या फडक्यात शालू सापडला. निऱ्या आधीच घालून दोऱ्यानं बांधलेल्या, कासोट्याचं टोक वेगळं दुमडलेलं.

त्यानं कुसुमताईंना बोलावून घेतलं. "ताई, तुमी असाच ठेवता?"

"छे! मी साधी घडी घालते. निऱ्या नेसताना घालायच्या."

अर्जुनानं सगळ्यांना रंगमंचापुढं बोलावलं.

"केरबानं शालू सतरंजीगत गुंडाळला असता. धुळानं कोंबला असता. बायका साधी घडी घालत्यात. निऱ्या बांधून कोण ठेवतं? ज्याला दोन प्रवेशांच्या मधी लुगडं बदलायचं असतं त्यो. चोरीतबी हाताची सवय सुटली न्हाई, नानासो."

"आन चावी?" दादासोंनी विचारलं.

"केरबा, आता तरी बोल."

"नाटकाच्या दिशी सकाळी नानासो घटकाभर रंगपटात आरशापुढं बसत्यात. मीच उघडून देतो. आज तेवढ्यात आईला औषध पाजाय गेलो. मला संशय आला व्हता. पर लय मोठा माणूस हाय ओ. कसं सांगू?"

नानासो शालूकडं बघत म्हणाला,

"अंगाला लावून बघितला. तिच्यापरीस मला शोभत व्हता. ती नेसून उभी राहिल्याली बघवली नसती."

"आन केरबाची आई रस्त्यावर आल्याली बघवली असती?" अर्जुना कडाडला. त्याचा संताप संताप झाला होता.

केरबाची नोकरी टिकली. पण आळ गावभर झाला होता, तो गावासमोरच पुसायला हवा, असं दादासोंनी नानासोला बजावलं.

चार वाजता हॉल खच्चून भरला. नानासो धोतर-टोपीत रंगमंचावर आला. तोंड उघडलं, आवाज फुटेना. वीस वर्षांत तिथून तो पुरुषाच्या आवाजात कधी बोललाच नव्हता. लोक चुळबुळले. तेव्हा त्यानं टोपी काढली, उपरणं पदरासारखं डोक्यावर घेतलं, आणि राणीच्या भरल्या आवाजात म्हणाला,

"केरबा निर्दोष आहे. चोरी मी केली."

कुणीच हसलं नाही.

विंगेत कुसुमताई शालू नेसून उभ्या होत्या. त्या आवाजाची सर आपल्याला कधी येणार नाही, ही जळजळ अर्जुनाला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली.