आबांची वीज

वाकणखारात खोली ठरवायला फोन आला, की पाहुणे आता समुद्र किती लांब आहे ते विचारत नाहीत. मासे ताजे असतात का, हेही नंतर. पहिला प्रश्न जरा घुटमळत येतो.

"घरात कुणी वयस्कर आहे ना?"

"आहेत की. सासरे आहेत," वैजू भाटकर सांगायची.

"तब्येत कशी असते त्यांची?"

"बेताचीच."

"बरं, बरं," पलीकडचा आवाज हायसं वाटल्यासारखा व्हायचा आणि खोली ठरायची. पहिल्यांदा असं झालं तेव्हा वैजूने फोन ठेवून कपाळाला हात लावला होता. मग सवय झाली. माणसाला कशाची सवय होत नाही?

त्याचं असं झालं होतं. उन्हाळे वाढले तशी विजेची ओढाताण वाढली. एका वैशाखात सलग तीन दिवस वीज गेली आणि घराघरांतली म्हातारी माणसं उकाड्याने गेली. वशिल्याच्या बंगल्यांत मात्र एसी चालू होते. लोक खवळले आणि त्यातून निकडवाटप आलं. निकडवाटप म्हणजे, वीज कमी पडली की ज्या घरातल्या जिवाला सगळ्यात जास्त धोका, त्या घराला ती आधी द्यायची. हे ठरवायला माणूस नेमला की पुन्हा वशिला आलाच, म्हणून घरोघर मीटरशेजारी एक पांढरी डबी बसवली. तिचं नाव निकडमापी. कल्पना चांगलीच होती, तिला नावं ठेवायला जागा नाही.

वाकणखारला चैत्रात कासव महोत्सव असतो. वाळूतली अंडी फुटून पिल्लं समुद्राकडे धावतात, ती बघायला हजार वस्तीच्या गावात चार हजार माणसं येतात. खोलीखोलीत कूलर, प्रत्येक स्वयंपाकघरात विजेच्या शेगड्या. पहिल्या दिवशी दुपारी वीज गेली, की ती पाहुणे निघून गेल्यावरच गावात परतायची. वैजूच्या घरी मात्र कधी गेली नव्हती. आबांचं हृदय नाजूक होतं ना. शेजारच्या मयेकरांनी यंदा आपली अंथरुणाला खिळलेली मावशी आणून ठेवली होती. बारा वर्षांत त्या बाईला यांनी कधी चहाला बोलावलं नव्हतं.

वैजूचा नवरा बोटीवर, वर्षातले नऊ महिने समुद्रात. खोल्या, पंगती, पाहुण्यांची लहर, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. आबांनी तिला हा धंदा शिकवला होता आणि एक नेमही घालून दिला होता. पहिलं ताट आबांचं. त्यांनी पहिला घास घेऊन "मीठ बरोबर" म्हटलं, की मगच पाहुण्यांची पानं वाढायची. गेले दोन महिने त्या ताटाच्या कडेला एक पिवळी गोळी असायची, दोन्ही वेळच्या जेवणाला. नव्या डॉक्टरांची ती गोळी चांगलीच लागू पडली होती. आबा अंगणात फेऱ्या मारू लागले होते.

आणि यंदा पहिल्या दिवशी दुपारी भाटकरांचीही वीज गेली. मयेकरांची राहिली.

पडवीत शलाका रेगे वारा घेत बसल्या होत्या. कासवं बघायला आलेल्या पाहुण्या, पण निकडमापी बनवणाऱ्या मंडळींपैकी एक, हे वैजूला सकाळीच कळलं होतं. ती पदराने घाम पुसत त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मॅडम, त्या डबीला कळतं तरी कसं?"

"त्यातून बारीक लहरी निघतात, आपल्या मोबाइलच्या असतात तशाच. भिंतीतून आरपार जातात, माणसाच्या अंगावर आपटून परत येतात. दर ठोक्याला छाती केसभर हलते. तेवढी थरथर त्या लहरींना पुरते. घरात कुणाचं हृदय किती अडखळतंय ते त्यावरून समजतं."

"मग डॉक्टरला कळवते का ती?"

"नाही हो. तसं केलं असतं तर लोकांनी ती घरात बसवूच दिली नसती. आपलं दुखणं परक्याला कळलेलं कुणाला आवडतं? मापीने वीज वाटायची, बस. धोका का वाढला, कशाने वाढला, ती विचारत नाही."

"म्हणजे आमचे आबा सुधारले म्हणून..."

"म्हणून गेली," रेगे हसल्या. "ही चांगली बातमी आहे, वहिनी."

होतीच चांगली. पण फ्रीजरमधली सुरमई मऊ पडायला लागली होती, पंप बंद, बावीस माणसं घामाघूम, आणि वरच्या खोलीतली दोन जोडपी मयेकरांकडे जायला बॅगा भरत होती. वैजूकडे वीज नसते, असं एकदा गावभर झालं की पुढच्या वर्षी कोण येणार? परसात तीन दगड मांडून तिने कसाबसा भात उतरवला. आबांचं ताट नेताना डोळ्यांत धूर गेला होता. तिने ताट ठेवलं आणि म्हणाली, "आबा, यंदा तुम्ही फारच ठणठणीत झालात हो. आमची पंचाईत केलीत."

त्या दोघांत अशी थट्टा रोजची. आबाही हसले. "मीठ बरोबर," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज आली. पडवीत टाळ्या पडल्या, बॅगा पुन्हा उघडल्या गेल्या. वैजूने शेगडीवर आधण ठेवलं आणि मनात देवाला नमस्कार केला. वीज आपल्याकडे का आली, हे तिने विचारलं नाही. मापी कशावरून ठरवते, हे तिच्याएवढं गावात दुसऱ्या कुणाला माहीत होतं?

तिसऱ्या दिवशी दुपारी, शेवटच्या जेवणाला, तिने आबांचं ताट नेलं, "मीठ बरोबर" ऐकत पाठमोरीच वळली आणि पहिली पंगत उठताना पुन्हा आत आली. आबांनी घास घेतलाच नव्हता. चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ निळसर.

"वैजू, पान दे गं जरा."

तिने पानाचा डबा उघडला. सुपारीच्या कप्प्यात तीन पिवळ्या गोळ्या होत्या. वाढायच्या घाईत ताट ठेवून ती वळायची, ते नेमकं त्यांनी हेरलं होतं.

"आबा, हे काय केलंत?"

"चालू आहे ना वीज?" ते म्हणाले. श्वास मधेच तुटत होता. "मग झालं."

तिने धावत जाऊन तालुक्याला फोन केला. ॲम्ब्युलन्स महोत्सवाच्या गर्दीतून यायची, तास तरी लागेल म्हणाले. ती परत आली आणि ताटातली चौथी गोळी उचलून त्यांच्या तोंडापाशी नेली. आबांनी तिचा हात धरला.

"अर्ध्या तासात लागू पडते ती. वीज जाईल. दुसरी पंगत उठू दे, मग दे."

"काहीतरीच काय, आबा."

"मी सांगतो ना. इतका वेळ काढला, अजून थोडा काढीन."

"वहिनी, भात!" बाहेरून हाक आली. पहिली पंगत उठली होती, दुसरी पाटावर बसली होती. शेगडीवर भात अर्धाकच्चा, मोदकपात्राला नुकती वाफ धरलेली.

वैजूने गोळी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि ती उठली.

तिला विसर पडला असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पडला नव्हता. खाली वाकून वाढताना कमरेला खोचलेली ती गाठ दर वेळी तिला टोचत होती. कुणी सोलकढी मागितली, कुणी आणखी एक मोदक. आता उठतील, आता उठतील, करत पाऊण तास गेला. शेवटचा माणूस हात धुवायला गेला तशी ती आत पळाली, गाठ सोडली आणि गोळी आबांच्या जिभेखाली ठेवली. त्यांचे डोळे मिटलेले होते.

किनाऱ्यावरून रेगे आल्या, त्या तिने हाक मारल्यावर थेट आत. त्यांनी आबांचं मनगट धरलं, डब्यातल्या गोळ्या पाहिल्या. त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्या वैजूकडे न बघता बोलल्या.

"आम्ही धरून चाललो होतो, घरातल्या माणसाने बरं व्हावं असंच घराला वाटणार." मग हलकेच म्हणाल्या, "गोळी लागू पडली की मापीला आधी कळेल. वीज गेली की समजा, आबा सावरले."

दोघी पलंगाशी बसल्या. वैजूने हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा ती देवाकडे वीज जाऊ दे म्हणून मागत होती. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. आबांचा हात तिच्या हातात गार पडत चालला होता, आणि ॲम्ब्युलन्सचा आवाज अजून कुठेच नव्हता.

पडवीतून कुणीतरी सुस्तावलेल्या आवाजात म्हणालं, "वहिनी, पुढल्या वर्षीही तुमच्याकडेच बरं का. सगळं गाव घामाघूम, पण तुमच्याकडे विजेचं सुख आहे."

वैजूने वर पाहिलं. पंखा फिरत होता, एकदाही न अडखळता.