एक रात्र घरी

लाइट येईपर्यंत बसा इथंच. बाळू, तो टॉर्च बंद कर, डोळ्यांत जातोय. सांगतो ते आपल्या ब्रह्मा घाटावरच्या ढुंढिराजचं, माझ्या मावसभावाचं. खोटं वाटलं तर त्याचं घर मागच्याच गल्लीत आहे.

२०१८ साल, कार्तिकातली अमावास्या, गुरुवार. संध्याकाळी ढुंढिराज चौकात नारळ आणायला गेला. सुका हवा होता. कानाशी धरून हलवला, पाणी वाजत नाही याची खात्री केली आणि पिशवीत टाकला. काशीत पौरोहित्यात जन्म गेलेला माणूस, दुसऱ्यांसाठी असे किती नारळ आणले असतील. हा मात्र स्वतःच्या मुलासाठी होता.

वासुदेव जपानला फिरायला गेला होता. इझू म्हणून तिथं समुद्रकाठ आहे, गरम पाण्याच्या झऱ्यांचा. पाठीला हवेची टाकी लावून लोक समुद्रात खोल उतरतात. पोरानं आईला व्हिडिओ पाठवला. आधी खडकातल्या वाफाळत्या कुंडात बसून हसतोय, मग पाण्याखालचा त्याचा श्वास. हुस्स... बुडबुड. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरला, तो वर आलाच नाही. ढुंढिराज तिथं जाऊन किनाऱ्यावरून वेड्यासारखा हाका मारत राहिला. समुद्रानं काही परत दिलं नाही.

देह मिळाला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्याला अग्नी देतात. पुतळा घाटावरच करायचा, घरात नाही. हे ढुंढिराजनंच लोकांना जन्मभर सांगितलेलं. पण त्या संध्याकाळी त्यानं तो माजघरातच बांधला. मी अडवायला गेलो तर अंगावर आला. "एक रात्र घरी असू दे रे माझं पोर!"

पुढचं त्याच्या बायकोनं, कालिंदीवहिनींनी सांगितलेलं.

रात्री दोनला त्यांना जाग आली. ढुंढिराज माजघरात पुतळ्याला कान लावून बसलेला.

"ऐक," तो म्हणाला.

हुस्स... बुडबुड.

"अहो, मोबाइल..."

"बंद आहे."

हुस्स...

ढुंढिराज हसत होता आणि रडत होता. "श्वास चालू आहे गं त्याचा! जिवंत पोराला अग्नी कसा देऊ? सकाळी कुणी आलं तर दार उघडू नकोस."

वहिनी शेजारी बसून राहिल्या. ऐकत. बराच वेळ. श्वास तोकडा झाला. मग घाईचा.

हुस. हुस. हुस.

वहिनींना कळलं. टाकीतली हवा संपत आली होती.

"गुदमरतोय हो तो. आपण धरून ठेवलंय त्याला. सोडा."

"नाही."

हुस...

"पाया पडते तुमच्या. सोडा!"

ढुंढिराजनं पुतळा छातीशी धरला. घट्ट. मग... हात ढिले पडले.

"जा, बाळा."

मग काही नाही. काहीच नाही...

उजाडताना आम्ही न्यायला गेलो. पुतळा मी उचलला. पानं कोरडी होती. नारळात पाणी वाजलं.

"काका... फिर?"

फिर काय, बाळू. मणिकर्णिकेवर अग्नी दिला. पण माजघरात नारळ टेकला होता ना, तिथं फरशीवर मिठाचा पांढरा डाग आहे. पुसला की परत येतो. पौषाच्या थंडीतही तेवढा दगड कोमट लागतो. वहिनी रोज त्याच्यावर हात ठेवून झोपतात.