मागच्या रांगेतला पाय

हॉलच्या दारावर पाटी लागली होती, ‘ज्येष्ठांसाठी ताई ची’. पिकल्या मिशांचा एक उंच गृहस्थ ती वाचत बरोबर दारातच उभा होता, आणि टेलरमावशींना आत जायचं होतं.

“जरा सरकता का?”

“सरकतो की. पण आधी सांगा, ही ताई कोण? आणि तिचं काय?”

मावशींना हसू आलं. जन्मभर ब्लाउज शिवताना टाचण्या ओठांत धरायची सवय, त्यामुळे हसूही त्यांनी तसंच ओठांत धरून ठेवलं. “चिनी व्यायाम आहे तो. हळूहळू हलायचं… आणि पडायचं नाही.”

“एवढंच? मग तीस वर्षं बस चालवताना दुसरं काय केलं मी?”

झालं! त्या दिवसापासून ड्रायव्हरकाका मावशींच्या मागच्या रांगेत उभे राहू लागले. शिकवणारी फिजिओथेरपिस्ट पोरगी त्यांना पुढे बोलवून बोलवून थकली, पण काका जागचे हलले नाहीत.

मावशी मात्र इथे हौसेने आल्या नव्हत्या. मागे त्या स्वयंपाकघरात घसरून पडल्या होत्या. हाड जुळलं, पण मनातली भीती काही गेली नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्यांचं झालं होतं. डावा पाय उचलला की तो क्षणभर हवेतच थांबायचा, खाली जमीन आहे की नाही याची खात्री करून घेतल्यासारखा. लेकीने निक्षून सांगितलं होतं, “आई, वर्ग संपेपर्यंत बघते. चाल सुधारली नाही तर माझ्याकडे यायचं. मशीन विकून टाकू, माझ्या घरात जागा नाही.” लेकीचं चुकत नव्हतं. बिचारी फोन वाजला तरी दचकायची. पण खिडकीपाशी ठेवलेलं ते मशीन आणि त्यावर पडणारं दुपारचं ऊन सोडून जायचं, या नुसत्या विचाराने मावशींचा जीव कासावीस व्हायचा.

वर्गात पोरगी रोज म्हणायची, “मावशी, वजन सरकवा, पाय थांबवू नका.” आणि मावशींचा पाय रोज थांबायचा.

पाणी प्यायच्या सुट्टीत काका हमखास शेजारी येऊन बसायचे.

“तुमचे हात काय सुरेख फिरतात हो…”

“हात बघता? शिकवणारी तिकडे पुढे आहे.”

“ती फार लांब आहे. मला चष्मा लागतो.”

“चष्मा तर नाकावरच आहे!”

“हो का? बघा, लक्षातच येत नाही,” काका भोळेपणाने म्हणत. मावशी तोंड फिरवून बाटलीचं झाकण लावत बसत, आधीच लावलेलं असलं तरी.

मग एके सकाळी पोरगीने टाळी वाजवली. “आज सगळे मागे वळा! मागची रांग पुढे. बघू कुणाला किती येतंय.”

मावशी वळल्या. आता काका पुढे आणि त्या मागे. सगळ्यांनी डावा पाय उचलला… आणि काकांचा पाय हवेत थांबला. हुबेहूब तसाच! चांगला धडधाकट पाय, पण भ्यायलेला. कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी कुणीतरी. मावशींच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. हा माणूस आपली नक्कल करतो? इतके दिवस मागे उभा राहून हेच करत होता? पिशवी उचलून त्या तडक जिना उतरल्या.

“अहो, थांबा!” काका धापा टाकत मागे आले. “झालं काय?”

“माझ्या लंगडण्याची थट्टा करता? शोभतं तुम्हाला?”

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. “थट्टा? … अहो, मला वाटलं तो पाय तसाच टाकायचा असतो.”

“ती मुलगी कसा टाकते ते दिसत नाही?”

“तिच्याकडे बघतो कोण!” काका बोलून गेले, आणि मग मिशीवरून हात फिरवत खालच्या आवाजात म्हणाले, “ड्रायव्हरची जात आमची. पुढची गाडी थांबली की आपणही ब्रेक मारायचा. माझ्यापुढे तुम्ही होतात…”

मावशींचा राग कुठल्या कुठे पळाला. गाल मात्र तसेच गरम राहिले.

शेवटच्या दिवशी लेक दारात येऊन उभी राहिली, हाताची घडी घालून. पोरगीने पुन्हा सगळ्यांना मागे वळवलं. काकांनी डावा पाय उचलला, तो थांबला, आणि आज तर चक्क लटपटू लागला. मावशींना राहवेना.

“अहो, टाका की पाय! जमीन खालीच आहे, पळून नाही जात!”

काकांनी पाय टाकला. लेक मावशींच्या पायांकडे बघत होती.

“आई… तुझा पाय थांबला नाही गं.”

मावशींनी खाली पाहिलं. काकांना रागावण्याच्या नादात त्यांचा डावा पाय कधीच पुढे टेकला होता. पोरगीने तो परत टाकायला लावला, आणखी एकदा लावला. तो थांबला नाही. लेकीने डोळे पुसले आणि आईला मिठी मारली. “राहू दे तुझं मशीन. पण रोज फोन करणार मी, उचलायचा.”

लेक गाडी काढायला पुढे गेली, तसं मावशींनी जिन्यात काकांना गाठलं. “खरं सांगा, आज मुद्दाम लटपटलात ना?”

“नाही हो.” काकांच्या आवाजात आज थट्टा नव्हती. “आज खरंच घाबरलो होतो. लेक तुम्हाला घेऊन गेली असती तर… मी कुणाकडे बघून चालायचं?”

ओठांत धरलेलं हसू या वेळी मावशींनी सोडून दिलं.

“मग नव्या वर्गात कुठे उभं राहायचं मी? पुढे की मागे?” काकांनी विचारलं.

“शेजारी,” मावशी म्हणाल्या आणि कठडा सोडून त्यांनी काकांचा हात धरला. “म्हणजे थांबलो तर दोघं थांबू.”